संपात भरलेला ट्रक

आमच्या मुकादमाच्या आज्याने मुंबईच्या गोदीतला जुना संप पाहिला होता. पाहिला म्हणजे केला होता. केला म्हणजे, मुकादमाच्या म्हणण्याप्रमाणे, जवळजवळ एकट्यानेच केला होता. ही गोष्ट आमच्या टोळीत सगळ्यांना पाठ आहे, कारण शहाडच्या बाजूला आमचं जे गोदाम आहे तिथे ट्रक कधी वेळेवर येत नाही, आणि ट्रक येईपर्यंत मुकादमाला दुसरं काम नसतं. नुसता चहा असला तर गोष्टीत दोन डोकी फुटतात. कोणी वर भजी सांगितली तर गोऱ्या साहेबाची टोपी समुद्रात जाते. एकदा कोणीतरी खुशीत येऊन सगळ्यांना अंडापाव खिलवला, त्या दिवशी आज्याने बोट बुडवली.

"अख्खी?" माझ्या कामातल्या जोडीदाराने विचारलं.

"अर्धी," मुकादम म्हणाला. "अर्ध्यात माल होता ना."

मी वाशीमकडचा. शाळा आठवीत सुटली. मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. नात्यातल्या एकाने सांगितलं, अंबरनाथला ये, कंपनीत लावतो. आलो. कंपनी होती, लावणारा नव्हता. त्याचा फोन आजही बंदच आहे. मी फिरत फिरत शहाडला येऊन एका टपरीसमोर पिशवी धरून उभा होतो, तेव्हा मुकादम चहा प्यायला आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, मानेकडे पाहिलं. म्हणाला, "मान चांगली आहे." माझ्या कुठल्याही अवयवाची झालेली ही पहिली तारीफ. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा आभारी आहे, आणि त्याच दिवसापासून मला भीती आहे की कोणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवील आणि म्हणेल, चल रे वऱ्हाडी, झालं तुझं, आता गावी जा. गावी जाऊन करायचं काय, हे तो सांगणार नाही.

आमचं काम सोपं आहे. पलीकडच्या जुन्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, आणि आजूबाजूला गल्लीबोळात जीन्स शिवतात. त्यांच्या गाठी बांधून टेंपोने आमच्याकडे येतात. आम्ही त्या उतरवतो, रचतो आणि इंदूर, कानपूर, पाटण्याच्या ट्रकमध्ये भरतो. अर्ध्या देशाच्या ढुंगणावर जे कापड बसतं ते आधी आमच्या डोक्यावर बसलेलं असतं, एवढाच काय तो आमचा मान. हत्यार दोनच: डोक्यावर चुंबळ आणि हातात हूक, लाकडी मुठीचा, लोखंडी, मांजराच्या नखासारखा वाकडा. मुकादमाचा हूक आज्याचा. गोदीतला. मूठ इतकी गुळगुळीत की बाजारातला नवा लाडू वाटावा.

आणि एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाठ डोक्यावर घेऊन एकट्याला उठता येत नाही. खाली बसायचं, गाठ मानेवर घ्यायची आणि तळव्याने गाठीवर दोनदा मारायचं, चट चट. तोंडाने बोलायचं नाही. बोललं की श्वास जातो आणि श्वासाबरोबर ताकद जाते. ते दोन आवाज ऐकले की जवळ जो कोणी असेल त्याने धावत येऊन मागून उचल द्यायची. जो कोणी म्हणजे जो कोणी. आमच्या टोळीतल्या दोघांचं बुद्धजयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर कोण चढणार यावरून भांडण झालं होतं. त्यानंतर ते एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकमेकांना उचल देत होते. तोंड फिरवून देत होते, पण देत होते. मुकादमाने पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं: "ऐकलं की उचलायचं. विचार मागून करायचा."

मग माझ्या जोडीदाराच्या पायावर गाठ पडली.

वरच्या थरातून सरकली आणि थेट डाव्या पंजावर. आम्ही त्याला शेअर रिक्षात घातलं. रिक्षावाला माणूस चांगला होता, पण सवयीप्रमाणे त्याने आणखी एका पॅसेंजरची वाट पाहिली. दवाखान्यात नाव लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "कामाला कुठे?" आम्ही गोदामाचं नाव सांगितलं. त्यांनी खात्री करायला फोन लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून गोदामाच्या मालकाचा, आमच्या शेठचा आवाज आला, अगदी प्रेमळ: "नहीं मॅडम, हमारा आदमी नहीं है. नाके का होगा कोई."

नाक्याचा म्हणजे रोज सकाळी चौकात उभा राहणारा, ज्याला कोणीही उचलावं आणि जो कोणाचाच नाही. जोडीदार टेबलावर पडला होता. तो माझ्याही आधीपासून त्या गोदामात होता. शेठच्या मुलीच्या लग्नात त्याने खुर्च्या लावल्या होत्या, आणि जेवण उरलं तेव्हा शेठने स्वतः त्याच्या ताटात आग्रहाने गुलाबजाम वाढले होते. पायाचा अंगठा गेला. अंगठ्याबद्दल तो फारसं बोलला नाही. पण शुद्धीत आल्यावर पहिलं वाक्य तेच: "मी नाक्याचा?" आणि मग दर थोड्या वेळाने, छताकडे बघत, "नाक्याचा! गुलाबजाम खाल्लेत मी त्याच्याकडे."

संप त्यातून झाला. आम्हाला एकच गोष्ट हवी होती. शेठने चार लोकांत म्हणावं, ही माझी माणसं आहेत, आणि तसं फोटो लावलेलं, शिक्का मारलेलं कार्ड द्यावं. कार्ड असलं तर पाय मोडल्यावर पाय कोणाचा हा प्रश्न पडत नाही.

कल्याणहून युनियनचे साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही चालू नसलेली. फॉर्म भरायला मी दोन्ही मागून पाहिली, म्हणून माहीत. पण बोलायचे छान. "मित्रहो," म्हणाले, "एक गोष्ट कानात घालून घ्या. एकही दगड उडता कामा नये. शेठला तेच पाहिजे. तुमच्यातल्या एकाने जरी कोणाच्या अंगावर हूक उगारला, तरी पोलीस तुम्हाला घेऊन जातील आणि उद्या नवी टोळी इथे उभी असेल. समजलं?"

"समजलं," आम्ही म्हणालो.

मुकादमाचा चेहरा पडला. "दगड नाही, काही नाही," तो मला हळूच म्हणाला, "मग हा संप कसला? ही तर पंगत झाली."

पण हूक टांगण्याची कल्पना त्याचीच. गोदीत आज्याने म्हणे गेटला हूक टांगला होता आणि मागोमाग हजारोंनी टांगले. आम्ही आमचे गेटच्या जाळीला ओळीने टांगले. मध्यभागी आज्याचा. दिसायला खाटकाच्या दुकानासारखं दिसत होतं, पण छाती भरून आली. वर साहेबांचा बोर्ड, बाजूला झेंडा. सातवी पास म्हणून घोषणांचं काम माझ्याकडे. मी "हमारी युनियन" म्हणायचो आणि टोळी "झिंदाबाद" म्हणायची. मधूनच टपरीवाली मावशीही म्हणायची, कारण तिला राहवायचं नाही.

पहिल्या सकाळी शेठची गाडी आली. हॉर्न वाजला. आमच्यातले दोघे धावले आणि गेट उघडून सलाम ठोकून बाजूला उभे राहिले. गाडी आत गेली. साहेबांनी कपाळावर हात मारला.

"अरे, आपण गेट अडवायला बसलोय ना!"

"हो साहेब," त्यातला एक म्हणाला. "पण हॉर्न वाजला."

संपाबद्दल कोणी सांगत नाही ती गोष्ट ही की संपात हातांचं काय करायचं कळत नाही. मला तर दुप्पट त्रास. रिकामे हात असले की माझं डोकं चालतं, आणि माझं डोकं चाललं की ते थेट वाशीमच्या एसटीत जाऊन बसतं. मी मुकादमाला विचारायचो, "होईल ना सगळं नीट?" तो म्हणायचा, "आज्याच्या वेळी झालं." त्या वेळी नक्की काय झालं होतं, हे विचारायची माझी हिंमत व्हायची नाही.

मग दुसऱ्या युनियनची पोरं आली. त्यांचं म्हणणं, या गेटवर बोर्ड त्यांचा लागणार. आमच्यापैकी एकही माणूस त्यांच्यात नव्हता, पण बोर्ड तयार होता. बाईकवरून आली, एकेका बाईकवर तिघे, आणि उतरल्या उतरल्या आमच्या झेंड्याचा बांबू उपटून आम्हालाच मारायला लागली. स्वतःचे बांबूसुद्धा आणले नव्हते.

इथे मला हसायला येत नाही. मुकादमाच्या गोष्टीत मारामारीला आवाज असतो, डोकी फुटतात ती नारळासारखी फुटतात. खऱ्या मारामारीत कसलाच आवाज आला नाही. मावशीचे ग्लास फुटले तो आवाज मला आठवतो, पण बांबू मुकादमाच्या कानावर बसला तो नाही आठवत. मी दोन हातांत चार चहा धरून उभा होतो. त्यातला एकही सांडला नाही. मुकादम धुळीत बसला. कानामागून रक्त शर्टाच्या कॉलरमध्ये उतरत होतं. तो जाळीकडे बघून म्हणाला, "माझा हूक आहे ना रे?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मग ठीक." आणि एका अंगाला कलला.

टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो डोक्याला पांढरी पट्टी बांधून आला, सरळ जाळीपाशी गेला आणि आज्याचा हूक काढून हातात घेतला. मग एकेकाने आपापला काढला. मीही काढला. साहेब म्हणाले, "परत टांगा ते." कोणी टांगला नाही. "मुकादम, मी हात जोडतो, एक फटका बसला की कार्ड विसरा." मुकादम म्हणाला, "साहेब, कान माझा फुटलाय."

आणि नेमकं त्याच सकाळी दोन टेंपो भरून माणसं आली.

शेठने लावलेल्या ठेकेदाराने ती बारवी धरणाच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यांवरून आणली होती. त्यांना सांगितलं होतं, लग्नाच्या मंडपाचं सामान भरायचं आहे, जेवण आहे. त्यामुळे काहींनी बरे कपडे घातले होते. एकाच्या केसांना तेल होतं, चपचपीत. टेंपोच्या पुढे दोन हवालदार, मागे ती बांबूवाली पोरं, आता उघडच शेठच्या बाजूने. शेठ आत पायऱ्यांवर उभा. गेटवर आम्ही, हातात हूक. साहेब रस्त्यापलीकडे फोनवर कोणाला तरी "ताबडतोब, ताबडतोब" म्हणत होते.

पाड्यावरच्यांमध्ये सगळ्यात पुढे एक म्हातारा होता, काटकुळा. मुकादम त्याच्यासमोर आडवा झाला.

"काका, मागे फिरा. हा आमचा संप आहे."

"आमाला काय ठाव नाय रं बाबा," म्हातारा म्हणाला. "टेंपोत बसा सांगितलान, बसलो." मग पट्टीकडे बघून, "काय झायला डोक्याला?"

"पडलो," मुकादम म्हणाला. आज्याचा नातू, पहिल्यांदाच गोष्ट आखडती घेत होता.

हवालदारांनी आम्हाला बाजूला सारलं, माणसं आत गेली. आम्ही गेटच्या चौकटीत दाटीवाटीने उभे. मला मुकादमाची मूठ दिसत होती, हुकाभोवती पांढरी पडलेली. बांबूवाली पोरं आमच्याकडे बघून हसत होती, तुम्ही आधी मारा अशा अर्थाने. मला कळत होतं की आता कोणीतरी मारणार, बहुतेक मुकादम, मग आम्ही सगळे, आणि मग कार्ड गेलं, जोडीदाराचा पाय नाक्याचाच राहिला आणि मी एसटीत.

आत त्यांना गाठ उचलता येत नव्हती. चौघे मिळून एकेक गाठ मयत उचलल्यासारखी नेत होते. ठेकेदार ओरडला, "एक माणूस एक गाठ! मंडप आहे का हा?" त्याने म्हाताऱ्याला खाली बसवलं, मानेवर गाठ ठेवली आणि धरणाऱ्यांना सोडायला सांगितलं. त्यांनी सोडली. म्हातारा उठेना. त्याचा हात वर गेला आणि गाठीवर दोनदा आपटला. चट चट.

नंतर त्याने सांगितलं, गाठ घसरत होती म्हणून तो तिला चाचपत होता. त्याला काय माहीत आमची रीत?

पण हूक जमिनीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. आज्याचा हूक. मुकादम हवालदारांच्या मधून आत गेलाही होता. हवालदारांनी त्याला अडवलं नाही. मारायला धावणारा माणूस त्यांना ओळखू येत असणार, हा तसा धावत नव्हता. मी त्याच्या मागे. दोघांनी मिळून उचल दिली, म्हातारा उठला. पण त्याला फळीवरून ट्रकमध्ये चढता येईना, म्हणून आमच्यातला एक पुढे गेला. तेवढ्यात त्या तेल लावलेल्याने पाहिलं की गाठीवर मारलं की माणसं येतात. तोही बसला. चट चट. आमचे दोघे धावले, तेच ते, न बोलणारे. मग दुसरा, मग तिसरा. फळी नीट लावली गेली. थर चुकीचा लागत होता तर मुकादम ओरडला, "आडवी घाल, आडवी! शिकवलं नाही का कोणी?" बऱ्याच दिवसांनी अंगाला घाम आला होता. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. हातांना त्यांची जागा सापडली होती.

अर्धा ट्रक भरला.

"अरे ए!" टपरीच्या बाकावरून जोडीदार ओरडला. पायाला पट्ट्या, हातात मोबाईल. गावच्या लोकांना दाखवायला तो सकाळपासून सगळं शूट करत होता. "अरे, संप आहे ना आपला?"

आम्ही थांबलो. माझ्या डोक्यावर गाठ होती. मला ती खाली ठेवावी की पुढे न्यावी हे कळेना, म्हणून मी तसाच उभा राहिलो.

बांबूवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला विचारलं, "भाई, अब मारना किसको है?" दुसरा बराच विचार करून म्हणाला, "रुक. पूछता हूँ."

साहेब रस्ता ओलांडून आले होते. त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण शेठच्या तोंडातून फुटला. तो टाळ्या वाजवत पायऱ्या उतरला. इतका खूश मी त्याला मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"देखा साहब?" तो हवालदारांना म्हणाला. "कहाँ है हड़ताल? कोई लफडा नहीं. ये सब मेरे आदमी हैं! बरसों से मेरे आदमी हैं. घर का मामला है, घर में निपट गया." आणि ठेकेदाराकडे वळून, "तू अपने टेंपो ले जा, सांई. मेरे आदमी बहुत हैं."

जोडीदार बाकावरून उठला. मोबाईल तसाच समोर धरून, लंगडत, तो गेटच्या आत आला.

"शेठ," तो म्हणाला, "मी पण?"

शेठ रंगात होता. "अरे तू भी! तेरे को कौन मना किया?"

"परत बोला ना जरा. मध्ये गाडीचा हॉर्न वाजला."

आणि शेठने, खरंच सांगतो, जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून, कॅमेऱ्यात बघून परत सांगितलं: "ये भी मेरा आदमी है. सब मेरे आदमी हैं."

साहेबांना तेव्हा वाचा फुटली. आम्हाला शिव्या घालण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं होतं हे मला दिसलं, पण बाहेर वेगळंच आलं. अगदी हळू म्हणाले, "ते डिलीट करू नकोस. आधी मला पाठव." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची दोन्ही बंद पेनं माफ केली. मग आवाज चढवून, "कामगार मित्रहो! शेठनी मान्य केलेलं आहे! आता ते लिहून कार्डावर येईपर्यंत संप चालू!"

मी डोक्यावरची गाठ खाली ठेवली.

सगळं लगेच झालं असं नाही. शेठ म्हणाला, मजाक में बोला था. पाड्यावरच्या माणसांनी परत यायला नकार दिला, कारण जेवण मिळालं नव्हतं. अर्धा भरलेला ट्रक आवारात तसाच उभा राहिला. रिकामा करायलाही माणसं नाहीत, भरायलाही नाहीत. कानपूरचा व्यापारी शेठला दिवसभर फोन करायचा. सरकारी कचेरीत सुनावणी झाली तेव्हा अधिकाऱ्यांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा, मला वाटतं, स्वतःच्या मजेसाठी. शेठचा वकील म्हणाला, यातून मालक-कामगार संबंध सिद्ध होत नाही. अधिकारी म्हणाले, "अहो, खांद्यावर हात टाकलाय त्यांनी."

कार्डं आली. माझ्या फोटोत मी आरोपीसारखा दिसतो, पण शिक्का स्वच्छ आहे. ते मी रोज उशाखाली ठेवतो आणि सकाळी आहे का बघतो. जोडीदार आता गेटवर बसतो आणि कार्ड गळ्यातून संडासातही काढत नाही. मुकादमाला त्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्या डाव्या बाजूला असलो तर आम्ही गाठीवर जरा जोरात मारतो.

तो म्हातारा काही दिवसांनी एकटाच आला आणि टपरीसमोर उभा राहिला. मुकादमाने चहाचा घोट घेत त्याच्या मानेकडे पाहिलं. "मान चांगली आहे," म्हणाला. मला किंचित वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ते फक्त मलाच म्हटलं होतं.

ट्रक उशिरा येतो तेव्हा मुकादम आता गोदीचा संप सांगत नाही, आमचा सांगतो. नवीन कोणी टोळीत आला असला की विशेष. परवा त्या नवीन माणसाने अंडापाव मागवला, त्यामुळे सात डोकी फुटली, हवालदार पळाले आणि आज्याचा हूक ठेकेदाराच्या टेंपोच्या टपातून आरपार गेला.

"आणि ती बाहेरून आणलेली माणसं?" नवीन माणसाने विचारलं.

"तुडवली," मुकादम म्हणाला.

"मना तं तिघांनी धरला व्हता," म्हातारा पाव खात म्हणाला. "लय मारलानी."

"आणि ट्रक? जाळला?"

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"अर्धा," तो म्हणाला. "अर्ध्यात माल होता ना."